चौथ्या मजल्यावरची दुसरी बेडरूम

इन्स्पेक्टरच्या घरात गेले चौदा महिने जागेचा शोध चालू होता. जागा दोन बेडरूमची हवी होती, भाड्याची हवी होती आणि परवडणारी हवी होती. यातल्या कुठल्याही दोन अटी पुऱ्या करणारी घरं त्या अवाढव्य शहरात हवी तेवढी होती. तिन्ही पुऱ्या करणारं घर मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी मिळालेलं असायचं. "आमच्या साडूच्या मित्राला मिळालं म्हणे," असं लोक सांगायचे. साडू सगळ्यांना माहीत होता. मित्र कुणीच पाहिलेला नव्हता.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातला नव्हे. तो लिफ्ट तपासायचा. ऑफिसातल्या पाटीवर 'उद्वाहन निरीक्षक' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली कुणा परोपकारी माणसाने पेन्सिलीने 'म्हणजे लिफ्टवाले' असा खुलासा केलेला होता. त्याच्या बॅगेत कायम दोन पॅड असत, एक पिवळं आणि एक लाल. लिफ्टमध्ये दोष सापडला पण ती चालू ठेवण्यासारखी असली तर पिवळा कागद चिकटवायचा: तीस दिवसांत दुरुस्ती करा, तोवर वापरा. दोष जिवावर बेतणारा असला तर लाल: आत्ताच्या आत्ता बंद. कुठला कागद फाडायचा हे इन्स्पेक्टरने ठरवायचं. नियमांच्या पुस्तकात त्याला 'निरीक्षकाचा विवेक' असं म्हटलं होतं. सरकारने एखाद्या माणसाकडे विवेक आहे असं छापून दिलं की त्याची चाल जरा बदलतेच. याचीही बदलली होती.

दुसरी बेडरूम हवी होती ती ताईसाठी.

ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो तिसरीत होता आणि वडील आधीपासूनच असून नसल्यासारखे होते. ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली, कानाला हेडफोन लावून बावीस वर्षं लोकांच्या लाइनी एकमेकांना जोडून दिल्या आणि त्यात याला शिकवून मोठा केला. स्वतःचं लग्न तिने याचं शिक्षण संपेपर्यंत लांबवलं. मग उशिरा केलेलं ते लग्नही फार टिकलं नाही, कारण नवराच टिकला नाही. आता ती सहा तासांवरच्या एका लहान गावात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने एकटी राहत होती. गुडघे संपावर गेलेले, आणि घरमालकाचा मुलगा परदेशातून बायकापोरांसह परतणार म्हणून जागा रिकामी करायची होती. मालकाने आधी वर्षभर सांगून पाहिलं, मग मुदत घातली: या महिन्याच्या अखेरीला.

इन्स्पेक्टरचं सध्याचं घर एका बेडरूमचं. ताई दोन वर्षांपूर्वी तिथे बारा दिवस राहून गेली होती. हॉलमध्ये घडीची खाट टाकली होती. पण ताई पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, खाट मिटवायची, अंथरुणाची वळकटी करायची आणि तिच्यावर हात मांडीवर ठेवून बसायची. कुणाच्या पायात यायला नको म्हणून. तेराव्या दिवशी ती म्हणाली, "धाकट्या, तुझी बायको गुणाची आहे, काही तक्रार नाही. पण मला आतून कडी लावता येईल अशी खोली झाली की बोलव. तोवर मी माझी तिकडेच बरी."

"सहा महिन्यांत बघतोच," असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. खरा शोध सुरू व्हायलाच दहा गेले.

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तो ताईला फोन करायचा. ताई एक्स्चेंजच्या सवयीने हॅलो म्हणत नसे.

"बोल."

"शोधतोय, ताई."

"चालू दे," म्हणून ती फोन ठेवायची.

शोधतोय, हा शब्द त्याला हळूहळू आवडायला लागला होता. त्यात भाऊ म्हणून करायचं ते सगळं आलं होतं, आणि झालं मात्र काहीच नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "बहिणीला आणायचंय, जागा शोधतोय." ऐकणारे हळहळायचे. "आजकाल कोण करतं हो बहिणीचं एवढं," म्हणायचे. कॅन्टीनमधल्या मावशीसुद्धा त्याच्या कपात चहा जरा वरपर्यंत ओतायच्या.

आता खोटं कशाला बोला, शोध अगदी खरा होता. चौदा महिन्यांत त्यांनी एकतीस घरं पाहिली. एका घरातली दुसरी बेडरूम म्हणजे गॅलरीला बसवलेल्या काचा होत्या. एका ठिकाणी दुसऱ्या बेडरूममध्ये जायचा रस्ता पहिलीच्या बाथरूममधून होता; "घरातलीच तर माणसं," असं मालकाने समजावलं. एका घरात दोन्ही बेडरूम चांगल्या होत्या, पण एकीला मालकाचं कुलूप होतं. आत त्याची बुद्धिबळाची पुस्तकं राहत होती, आणि त्यांचं भाडं मात्र याने भरायचं होतं.

ही घरं दाखवणाऱ्या एजंटला इन्स्पेक्टरची बायको 'हवा-उजेड' म्हणायची. कारण तळघराचं दार उघडतानासुद्धा तो आधी "हवा-उजेड भरपूर" म्हणायचा आणि मग दिव्याचं बटण शोधायचा. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं दिसतं की हे?" विचारणं हे तिचं काम, त्यामुळे निवड कशी करायची हे तिला बरोबर ठाऊक होतं. दोनपैकी एक बरं असतं, ते घ्यायचं आणि पुढे जायचं.

नवऱ्याची रीत निराळी होती. तो आधी लिफ्ट बघायचा. ताईला जिना चढता येत नाही, तेव्हा लिफ्ट बघणं आलंच. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. पण एकतिसांतली निदान सहा घरं केवळ लिफ्टपायी नाकारली गेली होती. एका लिफ्टचं दार जास्त जोरात बंद व्हायचं. एकीचा पंखा बंद होता. एकीबद्दल तर तो एवढंच म्हणाला, "हिचा आवाज मला नाही आवडला."

हवा-उजेडने कपाळाचा घाम पुसला. "साहेब, एक विचारू? तुम्हाला राहायचंय कुठे, घरात का लिफ्टमध्ये?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"नाही, म्हणजे लिफ्टमध्ये राहायचं असेल तर माझ्याकडे स्वस्तात आहेत."

आणि मग एका रविवारी, महिना संपायला तीन आठवडे उरलेले असताना, बत्तिसावं घर निघालं.

इमारत जुनी, चार मजल्यांची. घर चौथ्या मजल्यावर. मालकीणबाई एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी चेहऱ्यावरून ड्यूटी उतरली नव्हती. त्या समोरच्याच घरात राहायच्या. कमरेचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी होती, पण काठी त्या टेकायला कमी आणि दाखवायला जास्त वापरायच्या.

"ही एक बेडरूम. ही दुसरी. दोन्हीला दारं आहेत, दोन्हीला खिडक्या आहेत. नळाला पाणी आहे. खोटं बोलायची मला सवय नाही आणि ऐकून घ्यायचीही नाही," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाडं सांगितलं.

हवा-उजेड इतका दचकला की 'हवा-उजेड' म्हणायचं विसरला. भाडं बाजारापेक्षा बरंच खाली होतं.

"एवढं कमी का?" बायकोने सरळच विचारलं.

"जास्त देणारे चार जण आले होते. एकाकडे ढोलांचा संच होता, एकाकडे तीन कुत्रे होते, उरलेल्या दोघांना जास्त भाडं द्यायची घाईच फार होती. मला शेजारी माणसं हवीत. कोण कोण राहणार?"

"आम्ही दोघं आणि माझ्या नणंदबाई."

"वय?"

"साठीच्या पुढे. गुडघे दुखतात त्यांचे."

मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावरची ड्यूटी क्षणभर उतरली. "बरं झालं. माझ्या व्यायामाला सोबत होईल. बुधवारपर्यंत थांबते. बुधवारी येऊन सही करा."

दुसऱ्या बेडरूमच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं. बायकोने खिडकीशी उभं राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं वाचून पाहिली. वाचता आली. मग ती खोलीच्या मधोमध आली आणि हातांनी हवेत पलंग मांडला. "वन्सं इथे. उशी या बाजूला, म्हणजे उजेड डोळ्यावर नाही येणार. कपाट तिथे. अहो, बोला की काहीतरी! झालं ना हो एकदाचं?"

"बरी आहे," इन्स्पेक्टर म्हणाला.

"बरी आहे काय? थांबा, वन्संना कळवते." आणि तिथूनच, त्या रिकाम्या खोलीतून, तिने ताईला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. रिकाम्या खोलीत फोनमधला आवाजही मोठा वाटत होता.

"वन्सं, मिळालं! मी तुमच्या खोलीत उभी आहे. बुधवारी सही."

"माझ्या खोलीत?"

"हो, तुमच्याच."

"आतून कडी आहे का?"

बायकोने दार लोटलं, फोन दाराशी नेला आणि कडी लावली, काढली, पुन्हा लावली. खट्. खट्. खट्. पलीकडे ताईने ते तिन्ही खटके ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरी वाजते. मी बांधाबांधीला लागते." आणि तिने फोन ठेवला.

इन्स्पेक्टर भिंतीला टेकून हे ऐकत होता. आपल्याला आनंद झाला असावा, असं त्याने आधी ठरवून पाहिलं. मग त्याला ताई दिसली. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, समोर. आपण जेवताना ताटाकडे बघणारी, ऑफिसातून यायला उशीर झाला की काही न विचारणारी. सगळ्या शहराला तो साहेब होता. एवढं एकच माणूस जगात असं होतं, ज्याच्यासमोर तो अजून गृहपाठ न केलेला तिसरीतला मुलगा होता. चौदा महिन्यांत त्याने याचा विचार एकदाही केला नव्हता. करायची वेळच आली नव्हती, शोध चालू होता ना.

"मी जरा लिफ्ट बघून येतो," तो म्हणाला.

आपण वर येताना लिफ्टनेच आलो, हे बायकोने बोलून दाखवलं नाही. ती पडद्यांची मापं घेत होती.

लिफ्ट जुन्या जाळीच्या दाराची होती. चौथ्या मजल्यावर ती जमिनीला समांतर न थांबता दोन बोटं खाली थांबत होती. इन्स्पेक्टरने वॉचमनकडून गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली घेतली. बॅटरी लावून बघितलं. ब्रेकचं अस्तर झिजलं होतं. रविवार होता, त्याची ड्यूटी नव्हती आणि तपासायला त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. पण इन्स्पेक्टरला रविवार असतो, विवेकाला नसतो. त्याने बॅग उघडली. आत दोन्ही पॅड होते.

वीस मिनिटांनी बायको आणि हवा-उजेड बाहेर आले आणि लिफ्टचं बटण दाबत राहिले. मग चार मजले उतरून खाली आले. खालच्या जाळीवर लाल कागद चिकटवलेला होता. गोंद अजून ओला होता. इन्स्पेक्टर शेजारी उभा राहून पेनाला टोपण लावत होता.

हवा-उजेडने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग अतिशय हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, "साहेब, आधी करारावर सही करायची असते. मग लिफ्ट बंद करायची असते. तुमचा क्रम चुकला."

"दोष आहे. दिसला. दिसल्यावर डोळेझाक करू?"

"अहो, पण वन्संना चार मजले चढता येतील का?" बायको म्हणाली.

"दुरुस्ती होईल की."

"किती दिवसांत?"

त्याने पेन खिशाला अडकवलं. उत्तर त्याला शहरात सगळ्यात चांगलं माहीत होतं. ती लिफ्ट बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. अस्तर बाहेरून मागवावं लागणार. वर्गणीवरून इमारतीतले आठ बिऱ्हाडकरू आधी एकमेकांशी भांडणार, मग एकत्र येऊन कंत्राटदाराशी भांडणार. पिवळा कागद असता तर लिफ्ट चालता चालता हे सगळं झालं असतं. लालवर सरासरी पाच महिने.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात पडद्यांची मापं लिहिलेला कागद होता. "यांना काय झालंय तेच कळत नाही," असं ती हवा-उजेडला म्हणाली आणि कागदाची घडी करून तिने पर्समध्ये टाकली.

चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावरून मेट्रनबाई वाकून बघत होत्या. "अहो लिफ्टवाले, बुधवारी मला डॉक्टरांकडे जायचं होतं. तुम्ही गुरुवारी प्रामाणिक झाला असतात तर चाललं असतं," त्या वरून ओरडल्या.

सोमवारी त्याने ऑफिसात अहवाल टाकला. समोरच्या टेबलावर त्याच्याच हुद्द्याचा एक सहकारी बसायचा. त्याला सगळे 'मुदतवाढ' म्हणायचे, कारण नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्याने लाल पॅडचं वेष्टनही काढलं नव्हतं. मुदतवाढने सुपारी चघळत अहवाल वाचला.

"दोन बोटं? दोन बोटांना लाल?"

"अस्तर झिजलंय."

"सगळ्यांचंच झिजलंय रे. माझं बघ. अरे, गेल्या महिन्यात त्या कापड गोदामाची लिफ्ट चार बोटं खाली थांबत होती, तर तू पिवळा दिलास. मी स्वतः नोंद केली रजिस्टरात."

"तिथे मला राहायला जायचं नव्हतं."

"म्हणजे जिथे राहायचं तिथेच लाल? धन्य आहे बाबा. कुणी देवळात बसवेल तुला." मुदतवाढने खण उघडला आणि एक छापील अर्ज काढून याच्यासमोर सरकवला. "फेरविचाराचा फॉर्म. दोष किरकोळ आढळला, सबब लालच्या जागी पिवळा. एक सही तुझी, एक मोठ्या साहेबांची. जेवणाच्या सुट्टीआधी होऊन जाईल."

"आणि लोक काय म्हणतील? घर मिळावं म्हणून कागद बदलला. म्हणतील ना?"

"कोण लोक?"

"लोक."

मुदतवाढने खोलीत इकडेतिकडे बघितलं. खोलीत तो होता, हा होता आणि एक पंखा होता. "बरं," तो म्हणाला, "बुधवारपर्यंत विचार कर."

विचार त्याने केला. सोमवारी केला, मंगळवारी केला. फॉर्म टेबलावर पेपरवेटखाली होता आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचा एक कोपरा हलत होता. तत्त्व म्हणून बघितलं तर त्याचं म्हणणं बिनतोड होतं. ज्या इमारतीत आपण राहायला जाणार तिथला कागद आपणच सौम्य करायचा, हे शोभत नाही. हे तो स्वतःला इतक्या वेळा समजावून सांगत होता की खरं असतं तर एवढं सांगावं लागलं नसतं. बुधवारी दुपारी तीन वाजता त्याने फॉर्म उचलला, आपलं नाव आणि हुद्दा व्यवस्थित भरला आणि तो खणात ठेवून दिला.

गुरुवारी हवा-उजेडचा फोन आला. मेट्रनबाईंनी जागा दोन तरुण पोरींना दिली होती. दोघीही व्यायामशाळेत शिकवायच्या. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला होता. त्यांतली एक रोज सकाळी मेट्रनबाईंना हाताला धरून खाली उतरवणार आणि वर आणणार होती, आणि मेट्रनबाई म्हणत होत्या की लिफ्टवाल्याचे उपकार झाले, आता कंबर सुधारेल.

"तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, साहेब," हवा-उजेड म्हणाला. "सगळ्यांचं भलंच झालं. एक तळमजला आहे नदीपलीकडे. दाखवू? लिफ्टच नाही, म्हणजे तुमची काळजी मिटली. भाडं दुप्पट."

बायकोने त्या आठवड्यात त्याच्याशी भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त एकदा, भाजी चिरताना, पाठमोरी असतानाच विचारलं, "तुम्हाला वन्सं यायला हव्या होत्या ना हो?"

"हा काय प्रश्न झाला?"

"प्रश्नच आहे. हो किंवा नाही. मी दिवसाला चाळीस माणसांना विचारते, कुणी रागावत नाही."

तो पेपर वाचायला लागला.

रविवारी सात वाजता त्याने फोन केला.

"बोल."

त्याने सगळं सांगितलं. ब्रेक, अस्तर, दोन बोटं, लाल कागद. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "कुणी अडखळून पडलं असतं तर? मीच पडले असते." मग म्हणाली, "मी नणंदेला कळवलंय. तिच्याकडे मागची खोली आहे. येत्या शनिवारी टेम्पो सांगितलाय. जड सामान उचलायला आलास तर बरं."

नणंद म्हणजे ताईच्या गेलेल्या नवऱ्याची बहीण. तो गेल्यापासून तिने ताईला एकच गोष्ट ऐकवली होती: "आमच्या दादाला वेळेवर चांगली मुलगी मिळाली असती तर तो आज असता." हे ती तेराव्याला म्हणाली होती, वर्षश्राद्धाला म्हणाली होती आणि मध्ये जेव्हा जेव्हा आठवण झाली तेव्हाही म्हणाली होती.

"ताई, तिच्याकडे? तिचं आणि तुझं—"

"घर तळमजल्यावर आहे," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी तो सकाळी पोचला. ताईच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. सगळी खोकी दाराशी रांगेने लावलेली, प्रत्येकावर ताईच्या गोल अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं. टेम्पोवाला आणि तो मिळून कपाट खाली घेऊन गेले, मग पलंग, मग खोकी. शेवटी ताई उरली. ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होती आणि तो तिच्या एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे करून, उलटा उतरत होता. पडली तर धरायला.

अर्ध्या जिन्यात ती थांबली. दम घ्यायला थांबली असेल असं त्याला वाटलं.

"ताई," तो म्हणाला. "एक सांगायचंय. पिवळा देता आला असता."

"माहितीय मला."

"बायकोने सांगितलं?"

"तिने कशाला सांगायला हवं. त्या दिवशी ती मला कडी ऐकवत होती. तू तिथेच होतास ना?"

"हो."

"ऐकू आला नाहीस." ताईने कठड्यावरचा हात जरा पुढे सरकवला. "बावीस वर्षं मी लाइनीवर बसले, धाकट्या. जी लाइन जोडायचीच नसते ना, तिथला माणूस असाच गप्प असतो. फोन ठेवतही नाही आणि बोलतही नाही. आम्ही बिचाऱ्या 'बोला, बोला' करत राहायचो."

"तसं नाही गं. मला तू हवीच होतीस, पण—"

"पण आहे ना? मग झालं तर. मला त्याचा राग नाही. कुणालाही नको वाटेल, उतारवयातलं माणूस घरात. 'नको' म्हणाला असतास तर दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले असते." ती पुन्हा एक पायरी उतरली. "तू 'शोधतोय' म्हणत राहिलास, म्हणून मी थांबले."

"थांबलीस म्हणजे?"

"ती समोरची जागा बघ, निळ्या दाराची. माझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीच्या भावाची. गेल्या वर्षी रिकामी झाली तेव्हा आधी मलाच विचारायला आला होता तो. माझीच गल्ली, सगळी ओळखीची माणसं. भाडंही मला झेपणारं. म्हटलं, नको बाबा, माझा भाऊ शहरात जागा बघतोय, उगाच तुझी अडवून कशाला ठेवू."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ताई उरलेल्या पायऱ्या उतरली, त्याच्या खांद्याला धरून टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि तिने पदर सावरला. पुढे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

"मी मागून बसने येतो," तो म्हणाला. "सामान लावायला."

"नको. तिला माणसं आलेली आवडत नाहीत. लावेन मी हळूहळू, घाई कसली आहे." तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची कपाटाची धूळ झटकली. "बायकोला सांग, पडदे शिवले नसतील तर राहू दे म्हणावं."

टेम्पो वळणावरून गेला. इन्स्पेक्टर गल्लीत उभा राहिला. बसला तासभर होता.

तो रस्ता ओलांडून निळ्या दारापाशी गेला. दार उघडं होतं, आत कुणीतरी रेडिओ लावून इस्त्री करत होतं. त्याने पाहिलं: उंबऱ्याला एकच पायरी, तीही बसकी, बाजूला धरायला लोखंडी दांडा. दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायला दार, दाराला आतून कडी. खिडकी गल्लीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याशी बसल्या बसल्या बोलता आलं असतं. नळ दाराशीच. भिंतीला ओल नाही. तो पायरीवर टाच दाबून उभा राहिला, दांडा हलवून पाहिला, चौकट काटकोनात आहे का ते डोळ्यांनी मोजलं. बराच वेळ तो बघत राहिला. त्या जागेत त्याला एकही दोष सापडला नाही.